टेनेसी, ऑगस्ट 1920: एका मतामागची चव्वेचाळीस वर्षं

अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीची गोष्ट बहुतेक वेळा अशी सांगितली जाते: टेनेसी राज्याच्या विधिमंडळात मतं समसमान पडली होती, 24 वर्षांच्या हॅरी बर्न नावाच्या आमदाराच्या खिशात आईचं पत्र होतं, त्याने ऐन वेळी बाजू बदलली आणि देशभरातल्या स्त्रियांना मत मिळालं. यातलं काहीच खोटं नाही. पण गोष्ट एवढ्यावर थांबवली की असं वाटायला लागतं, की हक्क मिळायला एक सद्गुणी माणूस आणि एक नाट्यपूर्ण क्षण पुरतो. त्या तरुणाचं मत निर्णायक ठरायचं तर त्याच सभागृहात आधी 48 मतं उभी राहिलेली असणं भाग होतं. ती कुणी जमवली आणि त्यासाठी काय काय करावं लागलं, याचा हा अभ्यास आहे. माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्या 48 मतांत आहे.

पेच

मताधिकाराची दुरुस्ती 21 मे 1919 रोजी प्रतिनिधिगृहात आणि 4 जून 1919 रोजी सिनेटमध्ये मंजूर झाली. नियमाप्रमाणे तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी हवी होती. तेव्हा राज्यं 48, म्हणजे मंजुऱ्या 36 हव्यात. पहिल्या काही महिन्यांत राज्यं भराभर होकार देत गेली. 22 मार्च 1920 रोजी वॉशिंग्टन राज्याने मंजुरी दिली आणि आकडा 35 वर आला. तिथे गाडी अडली.

दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांनी आधीच नकार दिला होता. जूनमध्ये डेलावेअरमधला प्रयत्न फसला. कनेटिकट आणि व्हरमाँटचे गव्हर्नर विशेष अधिवेशन बोलवायलाच तयार नव्हते. नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती. तोवर 36 वं राज्य मिळालं नसतं, तर अनेक राज्यांतल्या स्त्रिया आणखी चार वर्षं बाहेरच राहिल्या असत्या. आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात निर्माण झालेली अनुकूल हवा तोवर टिकलीच असती याची खात्री कुणाला होती?

उरलं टेनेसी. त्याच्याही राज्यघटनेत एक अडसर होता. केंद्राची घटनादुरुस्ती आल्यानंतर मध्ये एक निवडणूक होऊन नवं विधिमंडळ आल्याशिवाय तिच्यावर मतदान करू नये, असं तिथलं कलम सांगत होतं. 1 जून 1920 रोजी ओहायोच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मंजुरी देण्याचं काम विधिमंडळाचं आहे आणि राज्याला त्यावर सार्वमताची अट लादता येणार नाही. या निकालाच्या आधारावर टेनेसीचं कलमही टिकत नाही, असं समर्थकांच्या वकिलांचं म्हणणं पडलं. 23 जूनला अध्यक्ष विल्सन यांनी गव्हर्नर आल्बर्ट रॉबर्ट्स यांना तार करून अधिवेशन बोलवायची विनंती केली. रॉबर्ट्स डेमोक्रॅट होते आणि 5 ऑगस्टला त्यांच्याच पक्षांतर्गत निवडणुकीला सामोरे जायचे होते. त्यांनी ती आटोपू दिली आणि 9 ऑगस्टला अधिवेशन भरवलं.

ही मतं कुठून आली

टेनेसीतल्या या चळवळीची सुरुवात 1920 च्या खूप आधीची आहे. 1876 साली मेम्फिसमध्ये एलिझाबेथ ॲव्हरी मेरिवेदर यांनी स्वतः नाट्यगृह भाड्याने घेऊन स्त्रियांच्या मताधिकारावर जाहीर भाषण केलं. त्यांची जाऊ लाइड मेरिवेदर दारूबंदीच्या कामातून याच वाटेला आल्या. नवऱ्याच्या दारूपायी उद्ध्वस्त होणारी घरं पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं, की मत हातात नसलेल्या बाईच्या अर्जाला आमदार टोपलीत टाकतो. 1889 साली त्यांनी मेम्फिसमध्ये राज्यातली पहिली मताधिकार संघटना काढली. दारूबंदी आणि मताधिकार यांची ही जवळीक पुढे तीस वर्षं महागात पडली. स्त्रियांना मत मिळालं तर आपला धंदा बुडेल या भीतीने दारूवाल्यांनी विरोधकांना पाठबळ दिलं. पण हजारो सामान्य, चर्चमध्ये जाणाऱ्या बायकांना राजकारणाच्या उंबरठ्यापर्यंत आणलं तेही याच जवळिकीने.

विसाव्या शतकात काम शहरांत पसरलं. नॉक्सव्हिलमध्ये लिझी क्रोझियर फ्रेंच होत्या. नॅशव्हिलमध्ये 1911 साली ॲन डॅलस डडली यांनी संघटना उभी केली. डडली श्रीमंत, देखण्या, दोन मुलांची आई. मताधिकारवाल्या बायका घर मोडणाऱ्या, पुरुषी असतात असा प्रचार होता, म्हणून त्यांचा मुलांना पुस्तक वाचून दाखवतानाचा फोटो चळवळीने भरपूर वापरला. शस्त्र पुरुष उचलतात म्हणून मतही त्यांचंच, या युक्तिवादाला त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे: बायका तर अख्खं सैन्य जन्माला घालतात. 1914 च्या मे महिन्यात त्यांनी नॅशव्हिलच्या सेंटेनियल पार्कपर्यंत मिरवणूक काढली. दक्षिणेतल्या प्रतिष्ठित घरांतल्या बायकांनी भर रस्त्यावर असं चालणं तोवर ऐकिवात नव्हतं.

त्याच वर्षी राष्ट्रीय मताधिकार संघटनेचं अधिवेशन कुठल्या शहरात भरवायचं यावरून राज्य संघटना फुटली आणि 1918 पर्यंत दोन गट वेगवेगळे काम करत राहिले. अशी भांडणं इतिहास लिहिताना झाकली जातात, ते मला पटत नाही. चळवळी माणसं चालवतात. त्यात मानापमान असतात, आणि तरीही काम पुढे जातं. इथे एक गोष्ट तर उलटी घडली: गट वेगळे असल्याने गावोगावी शाखा काढायची चढाओढ लागली.

1917 साली अध्यक्षपदाच्या आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत स्त्रियांना मत देणारं विधेयक खालच्या सभागृहात पास झालं, पण राज्याच्या सिनेटमध्ये पडलं. 1919 मध्ये तेच विधेयक पुन्हा आणलं आणि या वेळी ते निसटत्या बहुमताने दोन्हीकडे पार झालं. नॅशव्हिलचे वकील जॉन व्हर्ट्रीस यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. माझ्या वाचनात या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. ऑगस्ट 1920 मध्ये जे आमदार सभागृहात बसले होते, त्यांतले बहुतेक 1919 मध्येही होते. त्यांतल्या अनेकांनी एकदा होकाराचं मत दिलेलं होतं आणि त्यांच्या मतदारसंघातल्या बायका आता नगरपालिकेपुरत्या का होईना, मतदार होत्या. आमदारापुढे उभी राहिलेली बाई आता नुसती अर्जदार राहिली नव्हती.

हर्मिटेज हॉटेल

राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष कॅरी चॅपमन कॅट जुलैच्या मध्यात नॅशव्हिलला आल्या. थोड्या दिवसांच्या तयारीने आलेल्या बाई महिन्याहून जास्त राहिल्या. विधिमंडळाच्या इमारतीजवळच्या हर्मिटेज हॉटेलात त्यांची खोली होती. बाहेरून आलेली बाई आमदारांना शिकवते आहे असा गवगवा होऊ नये म्हणून त्या फारशा पुढे आल्या नाहीत. समोरचं काम राज्यातल्या बायकांनी केलं. चॅटनूगाच्या ॲबी क्रॉफर्ड मिल्टन, नॅशव्हिलच्या कॅथरीन केनी आणि त्यांच्या सहकारी ऐन उन्हाळ्यात, कच्च्या रस्त्यांनी, आमदारांच्या गावी जाऊन त्यांना गाठत होत्या. कुणी शेतात भेटला, कुणी दुकानात. होकार मिळाला की तो शक्यतो लेखी घ्यायचा, आणि नाव यादीत चढवायचं. अधिवेशन सुरू झालं तेव्हा कागदावर बहुमत होतं.

दुसऱ्या बाजूने नॅशनल वुमन्स पार्टी या मताधिकारवाल्यांच्याच जहाल गटाच्या कार्यकर्त्या त्याच आमदारांच्या याद्या स्वतंत्रपणे करत होत्या. त्यांची राज्यातली प्रमुख होती जॅक्सन गावची स्यू शेल्टन व्हाइट. न्यायालयात लघुलेखनाचं काम करणारी ही बाई 1918 मध्ये कॅट यांची सौम्य वाट सोडून जहाल गटात गेली. फेब्रुवारी 1919 मध्ये व्हाइट हाउससमोर अध्यक्ष विल्सन यांचा पुतळा जाळल्याबद्दल तिने पाच दिवसांची कैद भोगली. दीड वर्षाने तेच विल्सन टेनेसीच्या गव्हर्नरला तार करत होते. दोन्ही गटांचं एकमेकांशी पटत नव्हतं. दोघांचं ध्येय मात्र एक होतं आणि दोघांच्याही याद्या चोख होत्या.

विरोधकांचं ठाणंही त्याच हॉटेलात पडलं. त्यांच्या नेत्या जोसेफिन पिअर्सन मोंटीगलच्या, शिकलेल्या, अध्यापन केलेल्या. मताधिकाराला विरोध करीन असं वचन त्यांनी मृत्यूपूर्वी आईला दिलं होतं. समर्थक पिवळा गुलाब लावत आणि विरोधक लाल. हॉटेलच्या आठव्या मजल्यावर एका खोलीत आमदारांना दारू पाजली जात होती, आणि हे दारूबंदी असलेल्या राज्यात. दारूवाले, कापड गिरण्यांचे मालक, रेल्वे कंपन्या या सगळ्यांचे हात त्यात आहेत, असं समर्थक स्त्रिया उघड बोलत होत्या. गिरणीमालकांचं गणित सोपं होतं: मत मिळालेल्या बायका सर्वांत आधी बालमजुरीच्या कायद्याला हात घालतील.

पण विरोधाचा खरा गाभा वंशभेदाचा होता, आणि हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पिअर्सन यांच्या पत्रकात दुरुस्तीतल्या तीन ‘घातक तत्त्वां’ची यादी होती: राज्याच्या सार्वभौमत्वाचा त्याग, काळ्या स्त्रियांचा मताधिकार आणि वंशांची समानता. काही गोऱ्या समर्थक स्त्रियांनी त्याला दिलेलं उत्तरही तितकंच लाजिरवाणं होतं. दक्षिणेत गोऱ्या बायकांची संख्या जास्त आहे, तेव्हा गोऱ्यांचं वर्चस्व उलट वाढेल, असं त्या सांगत.

18 ऑगस्ट

13 ऑगस्टला राज्याच्या सिनेटने 25 विरुद्ध 4 मतांनी ठराव मंजूर केला. इतकं सोपं गेल्यावर खालच्या सभागृहात सगळं अवघड झालं. सभापती सेथ वॉकर आधी अनुकूल होते, ते अधिवेशनाच्या तोंडावर उलटले. लेखी होकार दिलेली नावं एकेक करून यादीतून गळायला लागली. मेम्फिसचे आमदार जोसेफ हॅनोव्हर यांनी समर्थकांची आघाडी सांभाळली. हॅनोव्हर मूळ पोलंडचे, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले ज्यू. त्यांना इतक्या धमक्या आल्या, की गव्हर्नरांनी संरक्षण दिलं. 17 तारखेला शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनाने निर्णय पुढच्या अधिवेशनावर ढकलल्याची बातमी आली. आता सगळं टेनेसीवर येऊन ठेपलं.

सभागृह 99 जणांचं. 18 ऑगस्टच्या सकाळी 96 हजर होते आणि कोटांवरचे लाल गुलाब पिवळ्यांपेक्षा जास्त दिसत होते. वॉकर यांनी ठराव बाजूला ठेवण्याची सूचना मांडली, म्हणजे होकार-नकार न करता तो गुंडाळून टाकायचा. इथे पहिलं वळण आलं, ज्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते. विरोधकांनी आपल्या बाजूला मोजलेले बँक्स टर्नर यांनी सूचनेच्या विरोधात मत दिलं. ते मत दुसरीकडे पडलं असतं, तर ठराव तिथेच संपला असता आणि हॅरी बर्नचं नाव आज कुणाला माहीत नसतं. निकाल लागला 48 विरुद्ध 48. वॉकर यांनी पुन्हा मोजणी घ्यायला लावली. पुन्हा 48-48. बरोबरीत सूचना पडते, त्यामुळे आता मूळ ठरावावरच मतदान घ्यावं लागलं.

हॅरी बर्न मॅकमिन काउंटीतल्या नाइओटा गावचा, रिपब्लिकन पक्षाचा, सभागृहातल्या सर्वांत तरुण आमदारांपैकी. कोटावर लाल गुलाब. ठराव बाजूला ठेवायच्या सूचनेला दोन्ही वेळा त्याने पाठिंबा दिला होता. ठरावावर मात्र त्याने होकार दिला, इतक्या पटकन, की क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. टर्नर यांचंही मत होकाराचं राहिलं. 49 विरुद्ध 47.

आईचं पत्र खरोखरच त्याच्या खिशात होतं. सात पानांचं, बहुतेक घरच्या आणि गावच्या बातम्यांनी भरलेलं. त्यातच मध्ये: हुर्रे म्हण आणि मताधिकाराच्या बाजूने मत दे, त्यांना ताटकळत ठेवू नकोस. पत्र वाचून मला जाणवतं ते वेगळंच. फेब बर्न ही शेती सांभाळणारी विधवा अधिवेशनातली भाषणं वर्तमानपत्रात बारकाईने वाचत होती. विरोधातली भाषणं कडवट होती असं तिने लिहिलं. तुझी भूमिका काय ते मी शोधत होते, पण अजून कुठे काही दिसलं नाही, असंही लिहिलं. ही हळव्या आईची विनवणी नव्हे. आपल्या आमदाराला जाब विचारणारी नागरिक इथे बोलते आहे, आणि तिला स्वतःला त्या आमदारासाठी मत देता येत नव्हतं.

बर्नलाही केवळ आईचा शब्द मोडवेना असं मानणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. दुसऱ्या दिवशी त्याने सभागृहाच्या कामकाजात आपली कारणं नोंदवली. पूर्ण मताधिकार हा हक्क आहे असं मी मानतो, हे पहिलं. मंजुरी द्यायचा नैतिक आणि कायदेशीर अधिकार आपल्याला होता, हे दुसरं. आईचा सल्ला ऐकणं मुलासाठी नेहमीच सर्वांत सुरक्षित असतं, हे त्यानंतर. राजकीय गुलामीतून 1 कोटी 70 लाख स्त्रियांना मुक्त करण्याची संधी क्वचितच कुणा माणसाला मिळते, असंही तो म्हणाला, आणि आपल्या पक्षाला याचं श्रेय मिळावं हेही लपवलं नाही. शिवाय पूर्व टेनेसीतल्या रिपब्लिकन पुढाऱ्यांमागे वुमन्स पार्टीची अनिता पॉलिट्झर कित्येक दिवस लागलेली होती. पत्र पोहोचलं ते आधीच नांगरून ठेवलेल्या जमिनीत.

पुढचे आठ दिवस

वॉकर यांनी लगेच आपलं मत होकारात बदललं. नियमाप्रमाणे जिंकलेल्या बाजूच्या माणसालाच फेरविचाराची मागणी करता येत होती, त्यासाठी ही चाल. तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला: होकाराची मतं 50 झाली, म्हणजे हजर नसलेल्यांसह 99 जणांच्या पूर्ण सभागृहाचं बहुमत.

फेरविचारासाठी वॉकर यांच्या हातात मोजका अवधी होता. त्या अवधीत विरोधकांनी एकाही आमदाराला फोडायचं बाकी ठेवलं नाही. बर्नवर लाच घेतल्याचा आरोप झाला. लुइझियानाच्या माजी गव्हर्नरांची पत्नी थेट नाइओटाला जाऊन फेब बर्नच्या दारात उभी राहिली, पत्र आपलं नाही असं तिच्याकडून लिहून घ्यायला. फेब बर्न ठाम राहिली. शेवटी बहुमत जमत नाही हे दिसल्यावर तीसहून अधिक विरोधक आमदार रात्रीच्या गाडीने राज्याची हद्द ओलांडून अलाबामातल्या डिकेटरला निघून गेले, म्हणजे दोन तृतीयांश गणसंख्या भरणार नाही. 21 ऑगस्टला उरलेल्यांनी फेरविचाराची सूचना स्वतःच मांडली आणि फेटाळून लावली.

मग न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला, तो उठवला गेला आणि 24 ऑगस्टला गव्हर्नरांनी प्रमाणपत्रावर सही करून ते वॉशिंग्टनला टपालाने धाडलं. 26 ऑगस्टच्या सकाळी परराष्ट्रमंत्री बेनब्रिज कोल्बी यांनी आपल्या घरीच, कुठल्याही समारंभाविना, घोषणेवर सही केली. आयुष्यभर यासाठी झटलेल्या बायकांपैकी एकही तिथे नव्हती. हे मला आजही खटकतं.

डिकेटरहून परतलेल्यांसह टेनेसीच्या खालच्या सभागृहाने 31 ऑगस्टला मंजुरी मागे घेण्याचा ठराव केला. त्याचा उपयोग झाला नाही. सप्टेंबरात कनेटिकटने मंजुरी दिल्याने टेनेसीवरच सगळं टांगलेलं राहिलं नाही, आणि फेब्रुवारी 1922 मध्ये लेसर विरुद्ध गार्नेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. बर्न नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडून आला. गव्हर्नर रॉबर्ट्स हरले.

ज्यांना थांबावं लागलं

टेनेसीच्या काळ्या स्त्रिया या लढ्यात सुरुवातीपासून होत्या. आयडा बी. वेल्स यांची पत्रकारिता मेम्फिसमध्येच घडली. 1892 साली झुंडहत्यांविरुद्ध लिहिल्याबद्दल त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी उद्ध्वस्त केली गेली आणि त्या परत येऊ शकल्या नाहीत. पुढे शिकागोत 1913 मध्ये त्यांनी काळ्या स्त्रियांची मताधिकार संघटना स्थापन केली.

नॅशव्हिलमध्ये ज्युनो फ्रँकी पिअर्स आणि डॉक्टर मॅटी कोलमन यांनी कॅथरीन केनींबरोबर समझोता केला. 1919 च्या नगरपालिका निवडणुकीत त्यांनी सुमारे 2,500 काळ्या स्त्रियांना मतदानासाठी संघटित केलं. मे 1920 मध्ये, मंजुरीच्या तीन महिने आधी, पिअर्स विधिमंडळाच्या इमारतीत गोऱ्या स्त्रियांच्या परिषदेपुढे बोलल्या. आम्ही मताचं काय करणार असं विचारता? गोऱ्या स्त्रियांच्या पाठीशी उभ्या राहू, पण आम्हाला सरळ, चोख व्यवहार हवा. नुसत्या भावनिक ऐक्याची हाक देऊन त्या थांबल्या नाहीत, मागण्या मोजून ठेवल्या: काळ्या मुलींसाठी सरकारी व्यवसाय शाळा, बालकल्याण विभाग, राज्याच्या शाळांत जास्त जागा. 1921 मध्ये शाळेचा कायदा झाला, 1923 मध्ये शाळा सुरू झाली आणि पिअर्स तिच्या पहिल्या प्रमुख झाल्या. या साऱ्या प्रकरणात मताचा सौदा इतका स्वच्छ, इतका फलदायी दुसरा कुणी केलेला मला दिसत नाही.

नॅशव्हिलमध्ये जे जमलं ते पश्चिम टेनेसीच्या कापूसपट्ट्यात जमू दिलं गेलं नाही. मतासाठी भरावा लागणारा कर 1950 च्या दशकापर्यंत राहिला. काळ्या लोकसंख्येचं बहुमत असलेल्या फेएट काउंटीत 1959-60 मध्ये वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबांनी मतदार म्हणून नावं नोंदवली, तेव्हा जमीनमालकांनी त्यांना घरांतून काढलं, दुकानदारांनी सामान देणं बंद केलं. बायकामुलांसह ती कुटुंबं थंडीत तंबूंच्या वस्तीत राहिली. केंद्र सरकारने 1957 च्या नागरी हक्क कायद्याखाली जमीनमालकांवर खटला भरला, आणि 1962 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने मतदारांना असं हुसकावण्यावर बंदी आली.